आधी चादर उचला

वृद्धाश्रमांची माहितीपत्रकं सगळीकडे एकच माणूस लिहून देत असावा असा मला दाट संशय आहे. निसर्गरम्य परिसर, घरगुती सात्त्विक जेवण, भजन, योगासनं, सणवार आणि शेवटच्या ओळीत ‘डॉक्टर ऑन कॉल’. उभा जन्म सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात काढलेल्या बाईला ही भाषा कुणी उलगडून सांगावी लागत नाही. डॉक्टर ऑन कॉल म्हणजे डॉक्टर नाही. निसर्गरम्य परिसर म्हणजे रात्री दोन वाजता रुग्णवाहिका यायला पाऊण तास. आणि घरगुती जेवण म्हणजे ज्याला स्वतःच्या हाताने जेवता येतं त्याच्यापुरतं जेवण.

मी निवृत्त झाल्यापासून ओळखीपाळखीची माणसं मला असल्या जागा ‘जरा बघून या’ म्हणून धाडतात. सिस्टर, आईला ठेवायचंय. सिस्टर, सासऱ्यांचं आता घरी होत नाही, तुमची नजर वेगळी. मी जाते. बहुतेक वेळा डिपॉझिट आधीच भरलेलं असतं. त्यांना माझ्याकडून तपासणी नको असते, ‘ठेवा खुशाल’ एवढं ऐकायचं असतं. ते मी म्हणत नाही, म्हणून हल्ली बोलावणी कमी झाली आहेत.

अशाच एका फेरीत मी आणि एक सरकारी साहेब एकाच दिवशी एकाच दारात पोचलो. साहेब तपासणीला आले होते. दारात रांगोळी होती, म्हणजे तारीख आधी कळलेली होती. साहेबांनी फॉर्म काढला. खोल्या किती, पंखे किती, आग विझवायचं सिलिंडर आहे का, तक्रारपेटी आहे का. तक्रारपेटी होती. भिंतीवर चांगली उंच लावलेली होती. व्हीलचेअरमधल्या माणसाला तिच्यात चिठ्ठी टाकायची तर आधी बरं होऊन उभं राहावं लागलं असतं. किल्ली मॅनेजरच्या जुडग्यात. साहेबांनी ‘आहे’वर खूण केली.

मग हॉलमध्ये इस्त्रीचे कपडे घालून बसवलेल्या एका आजोबांना त्यांनी विचारलं, “काय आजोबा, काही त्रास नाही ना?” मॅनेजर आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून उभा. आजोबा म्हणाले, “छे छे, उत्तम आहे सगळं.” ज्याच्याकडे रात्री लघवीचं भांडं मागायचं आहे त्याच्या देखत माणूस दुसरं काय सांगेल? चहा झाला, खारी झाली, आणि मग साहेबांना शाल-श्रीफळ देण्यात आलं. तपासायला आलेल्या माणसाचा सत्कार! आणि साहेबांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी नारळ कुठे धरायचा ते फोटोवाल्याला विचारून घेतलं.

मागच्या अंगाला एक दार बंद होतं. “तो बेडरिडन सेक्शन. इन्फेक्शनचा धोका असतो ना, म्हणून व्हिजिटर्सना नेत नाही,” मॅनेजर म्हणाला. साहेबांना ते पटलं. मला पटलं नाही, आणि पिकल्या केसांच्या बाईला धक्का मारून बाहेर काढायची हिंमत कुणाला झाली नाही.

आत आठ खाटा. भिंतीवर पोझिशन चार्ट टांगलेला. दर दोन तासांनी डावी कूस, उताणं, उजवी कूस आणि पुढे सही. सकाळचे अकरा वाजत होते आणि चार्ट दुसऱ्या दिवशीच्या पहाटे सहापर्यंत भरलेला होता. एकाच पेनने, एकाच हाताने, कुठे खाडाखोड नाही. चार्टाप्रमाणे डाव्या कुशीवर असलेल्या आजी उताण्या पडल्या होत्या. खाली एअर बेड होता, पण त्याच्या पंपाची पिन काढून त्या जागी कुणाचा तरी मोबाइल चार्जिंगला लावलेला. मी चादर उचलली, मावशीच्या मदतीने आजींना कुशीवर घेतलं. माकडहाडाच्या जरा वर नाण्याएवढा काळा, कडक झालेला डाग. कडेची कातडी गरम. अशा काळ्या खपलीखाली जखम किती खोल गेली आहे ते वरून सांगताच येत नाही. मावशी म्हणाली, “रोज स्पिरिट आणि पावडर चोळतो हो सिस्टर.” बिचारी खरंच चोळत होती. चोळू नये, चोळल्याने आतलं मांस आणखी फाटतं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. साहेबांची गाडी तोवर फाटकाबाहेर पडली होती.

आता मुद्द्याचं बोलते. आपल्याकडे वृद्धाश्रमाची तपासणी म्हणजे इमारतीची तपासणी. माणसाच्या अंगाची तपासणी कुणी करत नाही. सरकार करत नाही, देणगीदार करत नाहीत, पोटची मुलं करत नाहीत. आणि काळजी बरी की वाईट हे फक्त अंगावरच लिहिलेलं असतं.

टाचा, कंबर, खुबे, कोपर. हाडावर मांस कमी आणि वर अंगाचं वजन, अशा ठिकाणी एकाच बाजूवर तासन्‌तास पडून राहिलं की कातडीचं रक्त तुटतं आणि ती मरते. आधी फक्त रंग बदलतो. बोटाने दाबून बघायचं. रंग क्षणभर फिका पडून परत आला तर ठीक, दाबूनही हलला नाही तर जखम सुरू झाली. पुस्तकात तो रंग लाल छापलेला असतो, कारण पुस्तकातली कातडी गोरी असते. आपल्या सावळ्या म्हाताऱ्यांच्या पाठीवर लाल दिसतच नाही. तिथे हात फिरवून बघावं लागतं, कुठे गरम लागतं, कुठे निबर लागतं. म्हणजे तपासनिसाला हात लावावा लागतो. शाल घेतलेल्या हातांना तेवढं सुचत नाही.

यात नवीन काही नाही. १९६२ साली डोरीन नॉर्टन या ब्रिटिश परिचारिकेने आपल्या सहकाऱ्यांबरोबर वृद्धांच्या वॉर्डातला अभ्यास छापला. तिची मोजपट्टी आम्हाला पाठ असायची. प्रकृती, मनाची शुद्ध, चालणं-फिरणं, अंथरुणातली हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा, या पाच गोष्टींना एक ते चार गुण. वीसपैकी चौदा किंवा त्याखाली आले की त्या माणसाला जखम होण्याचा धोका आहे असं धरून कामाला लागायचं. खर्च एक कागद आणि एक पेन्सिल. साठ वर्षांहून जुना हा कागद मला आजवर एकाही वृद्धाश्रमाच्या फायलीत दिसला नाही. देवघर मात्र प्रत्येक ठिकाणी दिसलं, समईसकट.

मॅनेजर लोक म्हणतात, आमच्या मावशी पोटच्या पोरीसारखं करतात. करत असतील. पण एक गणित करून बघू. वीस माणसं अंथरुणाला खिळलेली आहेत. एकाला कूस बदलून देणं, ओलं-सुकं बघणं, चादर सारखी करणं याला घाईघाईतही दहा मिनिटं लागतात. विसांना २०० मिनिटं. दोन तासांत मिनिटं १२०. शिवाय जड माणसाला वळवायला दोन जणी लागतात. रात्रपाळीला असते एक, तीही दिवसपाळी करून थांबलेली, हिंगोली-वाशीमकडून ब्यूरोमार्फत आलेली, जिच्या पगारातून ब्यूरोने आधीच आपला वाटा कापलेला असतो. त्या बाईने देवाचा अवतार घेतला तरी चार्ट खरा भरता येणार नाही. म्हणून तो खोटा भरला जातो, आणि भरायला तिलाच लावतात. जखम सापडली की नोकरी तिची जाते. मॅनेजरची जात नाही, ट्रस्टींची तर नाहीच.

बरं, कायदा काय म्हणतो? आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ सालचा. त्याच्या कलम १९ मध्ये म्हटलं आहे की राज्य सरकार टप्प्याटप्प्याने वृद्धाश्रम उभारू शकेल. सुरुवात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, आणि त्यात निराधार असे किमान १५० ज्येष्ठ मावतील एवढी जागा. ‘शकेल’. या एका क्रियापदावर सगळं खातं आरामात झोपलेलं आहे. त्याच कलमात वृद्धाश्रम कसे चालवावेत, सेवेचा दर्जा काय असावा हे ठरवण्याचा अधिकारही राज्याला दिला आहे. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर निकाल देताना केंद्राला सांगितलं की कुठल्या जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत याची माहिती राज्यांकडून गोळा करा. कायदा होऊन अकरा वर्षं झाल्यावर मोजणी करा असं सांगावं लागलं, यात काय ते आलं. २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं. त्यात वृद्धांच्या निवासांची सक्तीची नोंदणी आणि किमान दर्जा, दोन्ही होतं. ते स्थायी समितीकडे गेलं, समितीचा अहवाल आला, २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक निकालात निघालं. म्हाताऱ्यांची मतं मोजायला सगळे येतात, त्यांच्या जखमा मोजायला विधेयकसुद्धा जगत नाही.

एक जुना कायदा मात्र आहे आणि तो नीट वाचावा असा आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९. आजारी, जखमी किंवा अशक्त माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा करणारी जागा म्हणजे शुश्रूषागृह, अशी त्यातली व्याख्या. ज्या ठिकाणी नाकातून नळी घातलेले आजोबा आहेत, कॅथेटर घातलेल्या आजी आहेत, इन्सुलिन टोचलं जातं, जखमेचं ड्रेसिंग होतं, ती जागा या व्याख्येत बसत नाही असं म्हणायला चांगलंच धारिष्ट्य लागेल. चालकांकडे ते आहे. आरोग्य खात्याचा माणूस आला की म्हणायचं, “छे हो, आमचं हॉस्पिटल नाही, वृद्धाश्रम आहे.” आणि नातेवाइकांना बिल देताना लिहायचं, ‘२४ तास नर्सिंग केअर’. धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्टची नोंद असते, पण तिथे हिशेब तपासले जातात, पाठ नव्हे. नाक्यावरच्या वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दर वर्षी वैध मापनचा शिक्का लागतो. लिफ्टला निरीक्षक येतो. माणूस ठेवायला मात्र एक बंगला, आठ खाटा आणि एक फ्लेक्स पुरतो.

आता दात्यांकडे वळते, कारण या पापात त्यांचाही शेर आहे. पितृपक्षात असल्या आश्रमांत अन्नदानाच्या तारखा मिळत नाहीत. बाबांच्या पुण्यतिथीला एक वेळचं जेवण, नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला केक. मधुमेह असलेल्या चाळीस माणसांपुढे श्रीखंड-पुरी वाढायची, हात जोडून फोटो काढायचा, संध्याकाळपर्यंत तो फेसबुकवर टाकायचा. एका दात्याला मी म्हटलं, जेवण नको, त्या पैशात महिनाभर रात्रीच्या एका जादा मावशीचा पगार द्या. तो म्हणाला, “त्याचा फोटो काय काढणार?” निदान खरं बोलला. ताटात रोज पक्वान्न आणि तरी आजीचं वजन घटतंय, असं मी पाहिलं आहे. कारण ताट समोर ठेवायला माणूस असतो, घास भरवायला नसतो. कवळी कुणाची कुणाला गेली याचा पत्ता नसतो. बिनदाताच्या तोंडाला पुरी काय आणि पुठ्ठा काय.

मुलांबद्दल लिहिताना लेखणी जास्त टोकदार होते, पण ‘मुलं वाईट, संस्कार गेले’ हे रडगाणं मी गाणार नाही. घरी सांभाळणं खरंच अशक्य होतं, विशेषतः स्मृतिभ्रंशात. दोन खोल्यांचा फ्लॅट, दोघं नोकरीला, आणि रात्री तीन वाजता दार उघडून निघालेले वडील. वृद्धाश्रमात ठेवणं हा गुन्हा नाही. ठेवून झाल्यावर न बघणं हा आहे. रविवारी संध्याकाळी ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल येतो. त्याआधी अर्धा तास आजीचे केस विंचरतात, पावडर लावतात, उशी उंच करतात. सिडनीतला मुलगा म्हणतो, आई फ्रेश दिसतेय! कॅमेऱ्यात टाच दिसत नाही. त्याने एकदा तरी म्हणावं, “जरा तिच्या पायावरचं पांघरूण काढा आणि फोन खाली न्या.” म्हणत नाही. दिसलं तर काहीतरी करावं लागेल, ही भीती मी त्या चेहऱ्यांवर वाचली आहे.

आणि तो स्मृतिभ्रंशवाला मजला. दुपारी चार वाजता जा. सगळे शांत झोपलेले. मॅनेजर कौतुकाने सांगतो, “आमच्याकडे खूप पीसफुल वातावरण आहे.” मी औषधांचा चार्ट मागते. क्वेटियापिन, हॅलोपेरिडॉल, रात्रीची गोळी सकाळीसुद्धा. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत अशा औषधांनी मृत्यूचं प्रमाण वाढतं, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये नव्या औषधांवर आणि २००८ मध्ये जुन्यांवरही छापायला लावला. कधीकधी ती द्यावी लागतात, हेही खरं. पण मग कुणी लिहून दिली, कधीपासून, कधी कमी करून पाहिली, हे कागदावर हवं. मी विचारलं तर उत्तर आलं, “डॉक्टरांनी फोनवर सांगितलंय.” तो ऑन कॉल डॉक्टर.

माणूस गेला की तोच डॉक्टर येतो. एवढ्या वेळी मात्र नक्की येतो. दाखल्यावर ‘वार्धक्य’, नाहीतर ‘हृदयक्रिया बंद पडून’. हृदयक्रिया बंद पडल्याशिवाय कोण मरतं? पाठीच्या जखमेतून रक्तात विष पसरून गेलेला माणूस कागदावर म्हातारपणाने जातो, आणि तो कागद पुढे कुणीही आश्रमनिहाय जुळवून बघत नाही. एका वर्षात एका छपराखालून किती गेले, किती रुग्णालयात हलवल्यावर दोन-चार दिवसांत गेले, एवढं जरी कुणी मांडलं तरी निम्म्या माहितीपत्रकांचा रंग उतरेल.

परदेशात सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. इंग्लंडात २००९ पासून केअर क्वालिटी कमिशन आहे, न सांगता येतं, अहवाल सगळ्यांना वाचायला ठेवतं, दर्जाचा शेरा दर्शनी भागात लावावा लागतो. त्याच कमिशनचे २०२४ च्या चौकशीत वाभाडे निघाले, कित्येक जागा वर्षानुवर्षं तपासल्याच नव्हत्या म्हणून. अमेरिकेत १९८७ च्या कायद्यानंतर पंधरा महिन्यांच्या आत एकदा तपासणी व्हावीच लागते. तिथे माणसं किती कामावर आहेत हे पूर्वी चालक स्वतः भरून देत. पगारपत्रकावरून आकडे घ्यायला लागल्यावर शनिवार-रविवारी वॉर्ड ओस पडतात हे २०१८ मध्ये उघड झालं. लबाडी तिथेही आहे. फरक एवढाच की तिथे ती पकडायची सोय आहे आणि पकडली की छापून येते. आपल्याकडे अहवाल लिहिला गेलाच तर तो फायलीत जातो, आणि फाइल कपाटात.

मला कुणी विचारत नाही, तरी सांगते तपासणी कशी करायची ते. तारीख सांगायची नाही. रविवारी दुपारी जायचं, नाहीतर पहाटे पाचला, पाळी बदलायच्या आधी. नाक उघडं ठेवायचं. लघवीचा वास आला तर वाईट, पण फिनाईलचा घमघमाट आला तर आणखी वाईट, कारण कुणीतरी आत्ताच धावपळ केली आहे. मागचं बंद दार सगळ्यात आधी उघडायचं. वयस्क परिचारिका सोबत न्यायची, तिने प्रत्येक अंथरुणातल्या माणसाच्या टाचा आणि कंबर बघायची, अर्थातच त्यांना विचारून, पडदा लावून. जीभ बघायची, कोरडी पडली असेल तर पाणी पाजलं जात नाही. वजनाची नोंद मागायची. खाटेवरच्या माणसाचं वजन करता येत नसेल तर दंडाचा घेर टेपने मोजता येतो, दर महिन्याला.

आणि डायपरची बिलं मागायची. ही माझी लाडकी चाचणी. वीस माणसं डायपरवर असतील आणि दिवसाला तीन धरले तर महिन्याला १८०० लागतात. खरेदीचं बिल ६०० चं असेल तर बाकीचे १२०० कुठून आले? आलेच नाहीत. एक डायपर चोवीस तास अंगावर राहिला. वर नातेवाइकांकडून पैसे मात्र १८०० चे घेतलेले असतात, ती पावतीही मागून घ्यायची. बिल खोटं करायला दुकानदार सामील लागतो. चार्ट खोटा करायला फक्त पेन लागतं. म्हणून मी चार्ट शेवटी बघते.

हे सगळं एका मॅनेजरला ऐकवलं तेव्हा त्याने शेवटचा पत्ता टाकला, जो सगळेच टाकतात. “एवढे नियम लावलेत तर फी वाढेल, नाहीतर आम्ही बंद करू. मग ही माणसं जातील कुठे?” या प्रश्नापुढे भलेभले साहेब पेन खाली ठेवतात. मी ठेवत नाही. फी वाढेल हे खरंच आहे. दोन मावश्यांच्या जागी चार ठेवल्या तर वाढणारच, आणि ज्यांना जमतं त्यांनी ती मुकाट्याने द्यावी, पुरी-श्रीखंडाच्या देणग्यांनी तिकडे वळावं. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी जिल्ह्यागणिक १५० जागांची तजवीज २००७ पासून कायद्यात लिहिलेली आहे. त्या कुठे आहेत, हे त्याने जिल्हाधिकाऱ्यांना विचारावं. मोर्चा काढणार असेल तर मी पुढे झेंडा घेऊन चालेन, गुडघे दुखत असले तरी. पण तोपर्यंत त्याने मागच्या दाराची किल्ली माझ्या हातात द्यावी आणि एअर बेडच्या पंपाची पिन आधी बोर्डात लावावी. त्याला ना फी वाढवावी लागते, ना विधेयक.